तळ्यातला खांब

वाटूरजवळच्या तळ्यासाठी गोजरबाईनं आपलं शेत दिलं आणि तिथंच रोजगार हमीवर मुरूम उपसला. खोली मोजायला मधोमध न खोदता सोडलेला मुरमाचा खांब तिच्याहून उंच झाला होता. पाणी काही येईना. थोरली जाऊ उषाबाई टोमणा मारायची, "शेत घालवलंस, आता खांबाचीच पूजा कर!"

लेकीच्या बाळंतपणाला राजूरला गेलेली गोजरबाई थेट जलपूजनालाच परतली. ताशे वाजत होते. काठावर येऊन ती थबकली.

"जाऊबाई, खांब कुणी पाडला वं?"

"पाडतंय कोण? बुडाला की!"

गोजरबाईनं मान वर केली, खांबाच्या टोकाकडं बघावं तशी.

"माझ्याहून उंच पाणी?"

तिच्या हातातली ओटी तशीच राहिली. उषाबाईनंच मग तिचा हात धरून ओटी पाण्यात सोडली.