अवघडवरची शर्यत

गिरधर माझा धाकटा भाऊ. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि जळगावला मेहरूणमध्ये घर बांधून राहिला. हरलेलं चालेल, पण सोपं जिंकणं नको, असला हा माणूस. त्याचा ललित आठ वर्षांचा असताना टीव्हीवरचा गाडी पळवायचा गेम आणला होता. त्यात तीन प्रकार: सोपं, मधलं, अवघड. पोरगं सोप्यावर जिंकलं आणि नाचत सांगायला आलं, तर ह्यानं अख्ख्या गल्लीसमोर म्हटलं, "सोप्यावर तर शेजारची म्हातारीही जिंकेल." पोराचं तोंड एवढंसं झालं. मी तेव्हाही गिरधरला झापलं होतं. ऐकतो कुठला.

गेल्या साली त्याची बायको कोकिळा गेली, आणि पाठोपाठ ह्याला अर्धांगवायूचा झटका. उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, गेम खेळा, बोटं हलतील. सोप्यापासून सुरू करा, जिंकाल तसे वर चढा. ललितनं आपला नवा गेम आणून जोडला आणि सरळ अवघडवर लावला. "बाबांना सोपं आवडत नाही," म्हणाला. पेरलं ते उगवलं, दुसरं काय.

गिरधरची गाडी रोज पहिल्याच वळणाला आपटायची. तरी हट्ट सोडेना. मला फोनवर म्हणाला, "अक्का, आखाजीपर्यंत एक शर्यत जिंकलो तर कोकिळाची घागर मी भरीन. नाही तर ललित भरेल." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, उजव्या हातानं पाणी सोडतात. पहिल्या वर्षाची घागर, तीही बायकोची.

आखाजीला मी साक्रीहून माहेरी आले. ओट्यावर, आतला टीव्ही दिसतो त्या खिडकीपाशी, ललित आणि गल्लीतली माणसं पत्ते कुटत बसली होती. आत ललितच्या बायकोनं, ज्योत्स्नानं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच गेम सोप्यावर केला. मी म्हटलं, कर बाई, पुण्य लागेल. गिरधर खेळला आणि जिंकला. भिंत धरत ओट्यावर गेला, उजवा हात पार छातीपर्यंत उचलून सगळ्यांना म्हणाला, "जिंकलो. घागर मी भरणार." तो हात उचललेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला.

ललितनं पत्त्यांतून मान वर काढली नाही. "सोप्यावर होता," म्हणाला, "ज्योत्स्नानं बदलला." आणि पान टाकलं. दोघं-तिघं हसले.

"तुले कोनी इचारं व्हतं रे, मेल्या?" मी ओरडले.

"आत्या, खोटं बोललो का?"

मला वाटलं, गिरधर आता पोराच्या कानाखाली जाळ काढेल. तो सुनेकडे वळला. "माझ्यावर दया करतेस? तुझ्या बापावर कर. ललित बरोबर बोलला. घागर तोच भरेल."

ज्योत्स्ना पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेली. ललितनं घागर भरली, डांगर ठेवलं, पाणी सोडलं, सगळं नीट. गिरधर बाप म्हणून शेजारी बसला, पण त्यानं घागरीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर त्यानं गेमला हात लावला नाही. बोटं आता पार आखडलीत. दोन्ही वेळा ज्योत्स्नाच त्याला भरवते. तो तिच्याशी बोलत नाही. घास आला की तोंड तेवढं उघडतो.