सावळीरामअण्णांची पांढरी पाच

सावळीराम गांगुर्डे यांच्या मुलाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्या सकाळी एकाच गोष्टीवर वाद चालला होता. जुन्या जर्मन टर्नटेबलला नवी सुई, नवी मोटर बसवायची, की सरळ नवीनच टर्नटेबल घ्यायचं?

"अण्णा, एवढे पार्ट तर डॉक्टरसुद्धा बदलत नाहीत माणसाचे," मुलगा योगेश म्हणाला. "नवीन घेऊ."

"तुझ्या गाडीचा क्लच दोनदा बदलला, तेव्हा गाडी फेकली व्हती का?"

दिंडोरीकडे द्राक्षाला चांगला भाव मिळाला त्या वर्षी भाऊबंदांनी जीप घेतल्या. अण्णांनी मात्र एका निर्यातदाराच्या बंगल्यातून हे यंत्र विकत आणलं. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. पुढे बाग धाकट्या भावाकडे देऊन दोघं मुलाकडे शहरात आली, तेव्हा अण्णांनी यंत्र मांडीवर घेऊन प्रवास केला.

रोज सकाळी ते एकच तबकडी लावत. एका नामवंत बुवांचे अभंग. बुवांची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी. भजनी माणसाला विचारा, पट्टी जितकी वरची तितका गळ्याचा मान मोठा. अण्णा सत्तरी ओलांडूनही बुवांबरोबर शेवटच्या तानेपर्यंत जात. गावाकडचे लोक भेटले की सांगत, "बुवा असते तर थकले असते. आपला गळा अजून तसाच हाय."

आणि आता गावच्या सप्ताहात, येत्या रविवारी, अण्णांनी पुढे उभं राहून गायचं ठरलं होतं. शहरात आल्यापासून ते पेटीबरोबर एकदाही गायले नव्हते. तरी पेटीवाल्या मंगळूला त्यांनी फोनवर बजावलं होतं, "पाचच धर. कमी केलीस तर मी उठून जाईन."

त्याआधी यंत्रातली घरघर थांबायला हवी होती, म्हणून शोएबला बोलावलं. जुनी ऑडिओ यंत्रं दुरुस्त करणं आणि नवी विकणं, हाच त्याचा धंदा. त्याने वरची जड थाळी उचलली, खाली वाकला आणि तसाच राहिला.

"काका, इथे ग्रीस कुणी भरलं?"

"मी," अण्णा अभिमानाने म्हणाले. "दरसाल. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीच्या ब्लोअरला ग्रीस द्यायचं, त्याच डब्यातलं ह्यालाही. इकडं आल्यावर ब्लोअर गेला, पण ह्याची सर्व्हिस कधी चुकवली नाय."

"काका, हे ट्रॅक्टरचं ग्रीस आहे. इथे पातळ तेलाचे दोन थेंब लागतात."

ग्रीस घट्ट होऊन डांबरासारखं झालं होतं. रबरी पट्टा त्याच्यात भिजून फुगला होता आणि सैल होऊन घसरत होता. शोएबने सगळं पुसलं, तेल सोडलं, नवा पट्टा चढवला. मोबाइल थाळीवर ठेवून वेग मोजला आणि मान हलवली. "आता मिनिटाला बरोबर तेहतीस फेरे. मघाशी आल्याआल्या मोजला, तेव्हा तीससुद्धा भरत नव्हते."

"म्हणजे?"

"ऐका तुम्हीच."

सुई टेकली आणि बुवा असे कडाडले की चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून हातातल्या लाटण्यासकट बाहेर आल्या. आवाज तरुण होता, चपळ होता आणि खूप वर होता. मृदंगसुद्धा पळत होता.

"ही दुसरी तबकडी लावली तुम्ही," अण्णा म्हणाले.

"तीच आहे, काका."

अण्णांनी डोळे मिटले, नेहमीच्या जागी सूर लावला. सूर खालीच राहिला. त्यांनी ओढून वर नेला. ताना सुरू झाल्या तसा गळा फाटला, आणि जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःचा म्हणून कधीच ऐकला नव्हता. ते मटकन खाली बसले.

"इतकी वर्षं...?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते कळलं नाही.

"अख्खा एक सूर खाली चालत होतं, पाचाच्या जागी चार," शोएब हळूच म्हणाला. "थोडं थोडं उतरलं असणार, म्हणून कळलं नाही."

"मी म्हणत होते, ते बुवा झोपेत गायल्यासारखे वाटतात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. अण्णांचा चेहरा पाहून त्या लाटणं घेऊन आत गेल्या.

अण्णांनी विचारलं, "नवीन मशिनीत वेग खाली आणता येतो?"

"येतो. बटण असतं. पूर्वी चालायचं तसंच चालवता येईल."

योगेशने लगेच मोबाइल काढला. "बघा! मग ऑर्डर करू?"

अण्णांनी मंगळूला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "रविवारी पेटी चारला धर. पाच नाय जमायची मला."

पलीकडे मंगळू हसला. "अण्णा, मी तर तिसऱ्या पांढरीवर धरणार व्हतो. पाच म्हणून सांगणार आन् तीन वाजवणार. आमच्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना असंच सांभाळतो मी. तुमाला कुठं कळणार व्हतं?"

घरात यंत्राने फसवलं आणि गावात माणसं प्रेमाने फसवायला बसली होती. फोन कानाशी तसाच धरून अण्णांनी योगेशकडे पाहून मान हलवली. नको. मग शोएबला म्हणाले, "बटणवालं काही नको. हेच राहू द्या. आता बरोबर चालतंय ना, बास." आणि हात पुढे करून तबकडी थांबवली.

खोली एकदम रिकामी झाली. त्यांनी सूर लावायला तोंड उघडलं, पण तबकडीशिवाय तो कुठून धरायचा हेच त्यांना सुचेना.

ते फोनमध्ये म्हणाले, "मंगळू, फोन पेटीपाशी ने. खरंखुरं चार वाजव. लबाडी नको."

भात्याची फुसफुस ऐकू आली आणि मग एक लांब, सरळ सूर. अण्णा त्याच्यामागे निघाले, जपून, अंधारात पायरी चाचपावी तसे.