शोरूममध्ये गणपतीचा पाट

वरसे नाक्यावरचा आमचा गाड्यांचा मिस्त्री खरं बोलायचं असलं, की उघड्या बोनेटखाली डोकं घालतो. पेणहून गणपती आणता यावा म्हणून माझ्या जुन्या गाडीची मागची सीट काढून त्यानेच तिथं सपाट फळी बसवून दिली होती.

यंदा मी नवी गाडी घ्यायला निघालो, तर हा आमच्या गणपतीचा पाट काखोटीला मारून शोरूममध्ये हजर! नव्या सीटवर ठेवताच पाट मागे कलला.

"बघा, देव रोह्यापर्यंत छताकडं बघत येनार!" तो म्हणाला. मी हसलो आणि सही न करताच उठलो.

बाहेर आल्यावर त्याने माझ्या जुन्या गाडीचं बोनेट उगाचच उघडलं आणि आत वाकून पुटपुटला, "भाऊ, नव्या गाडीतलं मला काय कळत नाय."