नाणेफेकीआधीचा नारळ

कळंबोलीचं नाव निघालं की मला लोखंड बाजार आठवत नाही. आमच्या पोलीस ठाण्याच्या बाकावर ताठ बसलेली एक बाई आठवते. तिचा नवरा ट्रकचालक. ट्रान्सपोर्ट यार्डातली मंडळी खऱ्या खेळाडूंतून आपापला संघ निवडून मोबाईलवर फँटसी क्रिकेटची लीग चालवत. पैसे लावून असले खेळ खेळायला तेव्हा आजच्यासारखी बंदी नव्हती. यार्डातला बुकिंग क्लार्क आयोजक होता. त्याचा नियम एकच: नाणेफेकीआधी फी, नाहीतर संघ बाद.

नवरा गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला, म्हणून फी बायकोने रोख नेऊन दिली. संघ पहिला आला, तेव्हा क्लार्क म्हणाला, फी मिळालीच नाही. नवऱ्याने त्याचं खरं मानलं आणि बायकोला चोर ठरवून मोकळा झाला.

"साहेब, बक्षीस गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "मी पैसे खाल्ले नाय, एवढं यांना कळू दे."

अर्ज चौकशीला घेतला. यार्डाजवळच्या चहावाल्याने एक रीत सांगितली. फी जमली की क्लार्क तिथल्या देवळापुढे नारळ फोडतो आणि प्रसाद फक्त फी भरलेल्यांनाच देतो.

क्लार्क आणि नवरा, दोघांना समोरासमोर बसवलं. बाई बाकावरच होती. फुशारकी मारणाऱ्या माणसाला दरडावू नये, बोलू द्यावं. मी त्याच्या शिस्तीचं कौतुक केलं.

"शिस्त म्हणजे शिस्त, साहेब," क्लार्क खुलला. "फी नाय तर खोबरं पण नाय. सख्ख्या भावाला देत नाय."

नवऱ्याने मान वर केली. "मला दिलंस की. त्या मॅचच्या दिवशी फोनवर बोललास, तुझं खोबरं वहिनीकडे दिलंय. घरी येऊन खाल्लं मी."

क्लार्कने पाणी मागितलं. मग जबाबात सगळं कबूल केलं. दुसरा आलेला संघ त्याच्या मेव्हण्याचा होता.

बक्षिसाचे पैसे आले, तेव्हा नवऱ्याने ते बायकोपुढे धरले. तिने हात पुढे केला नाही.

"खोबरं खाताना कळलं नाय?" एवढंच तिने विचारलं.

खरं सांगतो, मला क्लार्कपेक्षा त्या नवऱ्याचा राग जास्त आला. पुरावा त्याने स्वतः खाल्ला होता, आणि तरी तिला आमच्याकडे यावं लागलं. तेव्हापासून कुणी घरच्याच माणसावर आरोप केला की मी आधी त्यालाच विचारायचो, तुम्ही स्वतः काय पाहिलंत?