डब्यातला मेणाचा ठोकळा

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचली जात. बाबा उत्तरेत, मानक नगरला रेल्वेच्या प्रयोगशाळेत रुळांचं पोलाद तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी युनियनची पत्रकं लिहायचे. ती स्टेन्सिलवर कोरायची आई, कारण तिचं हिंदी अक्षर सुरेख होतं. छपाईच्या सायक्लोस्टाइल मशीनची शाई पुसणं माझ्याकडे. पत्रकांतलं ‘छिपाओ मत, बताओ’ हे वाक्य मी बाराखडीबरोबरच शिकले.

मी बी.ए.ला असताना, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका मे महिन्यात, आईचा डावा स्तन गाठीसकट काढला. तिला फक्त गाठ म्हणून सांगितलं. कॅन्सर हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नाही. तशी रीतच होती. डॉक्टर घरच्या पुरुषाला आत बोलवत आणि बाई बाहेर बाकावर बसून राही.

डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की गाठीचा तुकडा मेणात बसवला आहे, तो दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊन तपासून घ्या. त्या पेशींत हार्मोनला पकडून ठेवणारी प्रथिनं आहेत का, ते बघायचं होतं. असली तर रोजची एक गोळी उपयोगी पडेल, आणि दुखणं उलटण्याची भीतीही थोडी कमी धरता येईल. नसली तर त्या गोळीचा आधार नाही. वर त्यांनी बजावलं, भाभीजींना काही बोलू नका.

ठोकळा काड्यापेटीहून लहान होता. उन्हात मेण मऊ पडू नये म्हणून बाबांनी आईकडून जेवणाचा डबा आणि ओलं फडकं मागून घेतलं. लॅबचं सँपल आहे म्हणाले. ते नेहमीच सँपलं नेत, त्यामुळे तिनं विचारलं नाही. स्कूटरवर मागे बसून तो डबा मी मांडीवर धरला होता. माझ्या आईचं पुढचं सगळं त्यात होतं आणि तिलाच ते माहीत नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. दोन्ही प्रथिनं होती, तीही भरपूर. बाबांनी तो वाचला, डोळे पुसले आणि पत्रकांच्या फाइलीत सरकवून दिला. गोळी आईला ताकदीची म्हणून द्यायची, असं ठरवून टाकलं.

मी पेटले. त्याच फाइलीतलं एक जुनं पत्रक काढून त्यांच्यापुढे धरलं.

“रुळाला तडा आहे का, हे त्यावरून जाणाऱ्याला कळलंच पाहिजे. हे तुम्हीच लिहिलंय ना, बाबा?”

“ती रूळ नाही. तुझी आई आहे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

आई पलीकडच्या खोलीत भिंतीशी उभी होती, दार उघडंच होतं. ऑपरेशननंतरचा व्यायाम म्हणून ती डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत असे, आणि जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीची रेघ ओढत असे. मागे न वळता ती म्हणाली, “अहो, पोलादाचं सँपल ओल्या फडक्यात कुणी नेतं का? द्या इकडे.”

बाबांनी रिपोर्ट दिला.

पुढच्या खेपेला ती बाकावर बसली नाही. सरळ आत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “रिपोर्ट मेरी है, मुझे समझाइए।” डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे बोट केलं. मग डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्दही उच्चारला.

“तो मैं ठीक हो जाऊँगी?”

“उम्मीद अच्छी है। वादा नहीं कर सकता।”

“अच्छा। इतना काफ़ी है।”

त्या बाकावरच्या बायकांसाठी मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. ऑपरेशन झालं की मेणाचा ठोकळा सांभाळून ठेवायला सांगा, प्रथिनांची तपासणी मागा, असं सगळं. शेवटी ठळक अक्षरांत: यह जाँच कराइए, जान बच जाएगी। मला ती ओळ फार आवडली होती.

आई कोरायला बसली आणि नेमकी त्या ओळीवर थांबली.

“हे मी कोरणार नाही. कुठली गोळी चालेल ते तपासणी सांगते. अंदाजही देते. जिवाचा वादा करत नाही.”

मी म्हणाले, पत्रकात जोर हवा.

“खोट्याचा जोर मला नको. मला सांगितलं तेवढंच ह्या बायकांना सांगायचं.”

माझी ओळ खोडून तिनं स्वतःची घातली: नतीजा मरीज़ का है, पहले उसी को बताइए। बाबांनी ती वाचली आणि एका शब्दालाही हात लावला नाही. पत्रकं छापायला ते मशीनचं हँडल धरणार, तेवढ्यात आईनं त्यांना बाजूला सारलं. भिंतीवरची रेघ तोवर खांद्याच्या बरीच वर गेली होती. पहिली शंभर पत्रकं तिनं डाव्या हातानं काढली.