रावणाच्या मिशीला लागलेली पेज

परवा माजिवड्याला मुलाच्या सोसायटीत दसऱ्याचा कार्यक्रम होता. तिथल्या रावणाने मिशी डिंकाने चिकटवलेली. तो वास नाकात गेला आणि मी थेट कोपर गावात, आमच्या ओटीवर पोचलो.

गावच्या नाटकात रावण व्हायचा तो धर्माकाका. त्याच्या गर्जनेने खाडीपलीकडच्या म्हशी आटायच्या, हे मी आजही शपथेवर सांगतो. नाटकाच्या दिवशी रंग लावून तो घरोघर फिरायचा आणि आया न जेवणारी पोरं त्याच्यापुढे आणून बसवायच्या.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण शेवंती तापातून उठलेली, पण घास घेत नव्हती. हातापायांच्या काड्या झालेल्या. आई म्हणाली, "भावजी, जरा जोरात ओरडा. घाबरून तरी जेवंल."

काका ओरडला. कौलं उडाली, मी माळ्यावर पळालो. शेवंतीने मात्र पेजेचा चमचा त्याच्याच तोंडाशी नेला. "तू जेव आधी. भुकेनं ओरडतोस ना?"

रावण मुकाट्याने जेवला. मग ती जेवली. मिशी पेजेत लोंबत होती, तरी वाटी संपेपर्यंत तो हलला नाही. आमचा रावण फुकट गेला, म्हणून मी आठवडाभर तोंड लपवलं.

परवा पोरं रावणाच्या मांडीवर बसून सेल्फी काढत होती. शेजारचे आजोबा हळहळले, "रावणाचा धाकच राहिला नाही हो."

पलीकडे शेवंती नातीला सांगत होती, "जा, विचार त्याला, जेवलास का म्हणून."