बाईंचा अंगठा

बाई गेल्याचं मला चुलीपुढे कळलं. भाकर तव्यावर होती. मुलगा दारात येऊन म्हणाला, "आई, मोठ्याई बोलत नाही." मी भाकर उलटली, शेकून खाली उतरवली आणि मग उठले. घरात खाणारी तोंडं होती, पीठ मोजून घेतलेलं होतं, आणि जळालेली भाकर पाहून बाई स्वतःच उठून बसल्या असत्या.

तेराव्याला वडनेरच्या बायका आल्या, तेव्हा त्यांनी बाईंना अन्नपूर्णा करून टाकलं. दोन वर्षं पाऊस गेला तेव्हा अकरा माणसांचं घर बाईंनी कसं जगवलं, ते पेपरात लिही म्हणाल्या, आताच्या धान्याच्या कंट्रोलच्या दिवसांत पोरीबाळींना उपयोग होईल. उपयोग होईल म्हणूनच लिहिते आहे. पण अन्नपूर्णा त्या नव्हत्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या आणि त्यांच्या हातात पळी होती, एवढंच.

पळीत किती ताकद असते ते त्या घरात मी शिकले. वरणाच्या गंजात पळी वरून फिरवली की पाणी येतं आणि तळाशी नेली की डाळ येते. कुणाला वरचं आणि कुणाला तळचं, याचा बाईंचा कायदा होता. कामाचं पोट आधी, वाढीचं पोट मग, बसलेलं पोट शेवटी. या कायद्यातून त्यांनी नवऱ्याला सोडलं नाही, स्वतःलाही नाही. थोरल्या दिरांचा पाय मोडला ते दोन महिने त्यांच्या ताटात वरचं पाणीच पडत होतं. बाकी त्यांची अक्कल खरीच मोठी. तुरीची चुणी, डाळ करताना उरलेला चुरा, त्या कण्यांत शिजवत. जवसाची चटणी रोज, कारण तेल परवडत नसे. पहिल्या पावसात तरोट्याचा रानपाला उगवला की आठ दिवस तोच, आणि पुढे अंबाडी. पाला शिजवलेलं पाणी मी एकदा मोरीत ओतलं, तर चार बायकांसमोर म्हणाल्या, "फेक, फेक. उद्या पोरगं रातांधळं झालं की काठी घेऊन हिंडव त्याले." त्यानंतर मी आजपर्यंत भाजीचं पाणी ओतलेलं नाही.

मुलांच्या दुधाचं त्यांनी वेगळंच ठरवलं होतं. म्हैस आटत आली होती, सगळं मिळून शेरभर दूध. ते वाटून घोट-घोट दिलं तर कुणाच्याच अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नांदुऱ्याच्या बाजाराच्या दिवशी मुलांना न्हाऊ घालून ओसरीवर ओळीनं उभं करत. एकेकाला काखेत हात घालून उचलायचं, दोनदा हिंदकळायचं, खाली ठेवायचं. जे हलकं लागेल त्याला पुढचा आठवडा दूध आणि तळचं वरण, जे भरलेलं लागेल त्याला ताक आणि कण्या. अंदाज असा की अदपावाचा फरक त्यांच्या हाताला कळे. त्यांचा थोरला उचलायच्या वेळी सगळा श्वास सोडून पोट आत ओढायचा, हलका लागावा म्हणून. बाई त्याला तसंच अधांतरी धरून म्हणाल्या, "हवा सोडून राह्यला काय बे? मंग आठ दिवस हवाच पी." आणि खरंच त्याला दूध दिलं नाही. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

माझी मनी तेव्हा तीन वर्षांची होती, धाकटा दीड वर्षाचा. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मनीला गोवर आला आणि ती काडी झाली. बाईंनी तिला तीन आठवडे दूध दिलं, त्यात हात आखडला नाही. पण तिला ढाळ लागले होते, पोटात काही ठरत नव्हतं. मग एका बाजाराच्या दिवशी बाईंनी तिला उचललं आणि त्यांचा चेहरा उजळला. "भरली वं धाकटे तुही पोरगी. पाह्य, गाल पाह्य." गाल खरंच गोल झाले होते, पायही भरले होते. मी तिची दृष्ट काढली. त्या दिवसापासून तिचं दूध बंद झालं आणि माझ्या धाकट्याला सुरू झालं, कारण तो हलका लागला. मला वाईट वाटायचं कारण नव्हतं... दूध माझ्याच पोरांत राहिलं होतं.

पुढचे तीन बाजार मनी आणखी भारी लागत गेली आणि तिचं ताट आणखी पातळ होत गेलं. तिचे केस तांबूस झाले. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, बसवलं तिथेच. मी एकदा भीत भीत म्हटलं, बाई, पोरगी हसत नाही. "हासणं काय पायलीनं मोजाचं हाय? वजन पाह्य." हसत नव्हती हे मी सांगितलं. रडतही नव्हती, ते सांगितलं नाही. मला ते बरं वाटत होतं, कामं उरकत होती.

मग देवी टोचणारे चाचा आले. म्हातारे मुसलमान गृहस्थ, दर वर्षी यायचे. त्यांनी मनीचा दंड धरला आणि सोडून दिला. तिचा पाय लांब केला, नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. पायावर खड्डा पडला होता. आम्ही दोघी पाहत राहिलो, तो भरून येईना, ओल्या मातीत उमटल्यासारखा. "बाई, हे बाळसं नाही," चाचा म्हणाले, "पाणी भरलं अंगात. पोरीले खायालेच नाही भेटून राह्यलं." सूज म्हणजे बाळसं नव्हे ही म्हण आम्हा सगळ्यांना पाठ होती. मांडीवर आपलंच मूल असलं की ती आठवत नाही.

त्या संध्याकाळपासून शेरभर दूध एकट्या मनीचं. बाई तिला स्वतः वाटी-चमच्यानं पाजत, तळची डाळ बोटानं चारत. अकराव्या दिवशी ती गेली. बाई रडल्या नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मुलांना ओळीनं बसवलं, पाय लांब करायला लावले आणि उचललं कुणालाच नाही. प्रत्येकाच्या नडगीवर अंगठा दाबला. त्या दिवसापासून दुधाचा हिशेब अंगठ्यानं.

मनीबद्दल मी चार वर्षं बोलले नाही, मग एकदा दळताना बोलले. म्हटलं, तुमच्या हातानं गेली माही पोरगी. त्यांनी जातं थांबवलं नाही. "हाव," म्हणाल्या. "आन् तुहं पोरगं त्याच हातानं जगलं. कोणतं नको होतं, सांग." मी जात्यात पुढची मूठ टाकली.

लढाईच्या दिवसांत धान्यावर कंट्रोल आला आणि त्याच सुमारास बाईंची नजर गेली. पळी माझ्या हातात आली. मी त्यांचाच कायदा चालवला, एक अक्षर न बदलता. कामाचं पोट आधी. बाई आता बसलेलं पोट होत्या. त्यांच्या ताटात कण्या आणि वरचं वरण पडत होतं. त्यात सूड होता का, असं कुणी विचारलं तर सांगेन, होता. पण कायदाही होता, आणि तो त्यांचा होता. वरण कुठलं आहे ते त्यांना पहिल्या घोटाला कळत असणार. त्यांनी कधी मागितलं नाही.

या पावसाळ्यात त्यांचा चेहरा गोल झाला. शेजारीण म्हणाली, म्हातारपणी बाळसं धरलं बाईंनी, जाऊ चांगली भेटली. त्यानंतर दोन दिवसांनी मी त्यांना ओसरीवर उन्हात पाय लांब करून बसलेलं पाहिलं. लुगडं वर सरकवून त्यांनी स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला. दिसत नव्हतं, म्हणून मग बोटानं तो खड्डा चाचपला, बराच वेळ. लुगडं खाली ओढलं. माझी चाहूल लागली होती त्यांना. म्हणाल्या, "ज्वारी निवडाची हाय काय? आण." त्या दिवशीही पळी मी वरूनच फिरवली. दुसऱ्या दिवशीही.

शेवटची आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. उचलताना एकजण म्हणाली, भारी हायत हो बाई.

काल बाजाराचा दिवस होता. माझी नात, माझ्या त्या धाकट्याची पोरगी, सव्वा वर्षाची आहे. न्हाऊ घालून तिला ओसरीवर बसवलं आणि तिचा पाय लांब करून अंगठा दाबला. कातडी लगेच वर आली. मी पुन्हा दाबला. पोरगी रडायला लागली. मुलगा आतून म्हणाला, "आई, काऊन रडवून राह्यली तिले?"

रडू दे. न रडणारी पोरगी मी पाहिली आहे.